विचारा की ओ! : डिझाईन तयार असलं तरी सुताचा भाव बघावा लागतो

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो की आत्ता नवा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) घ्यायची लई घाई करू नका, पुढची पिढी येतीय. झालं. या महिन्यात जेवढी पत्रं आणि मेसेज आले त्यातले अर्ध्याच्या वर त्या एका ओळीवरच आहेत, आणि एका बापानं तर "तुमच्यामुळं पोरगं रोज जेवताना माझं डोकं खातंय" असं लिहून पाठवलंय. म्हटलं हा महिना कन्सोललाच देऊन टाकू, फ्रिज आणि इन्व्हर्टरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : दादा, एक यूट्यूबवाला म्हणतोय पीएस ६, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ६, दिवाळी २०२७ ला फिक्स, चिपचं नाव ओरायन, आत झेन ६ कोअर, सगळं लीक झालंय. दुसरा म्हणतोय २०२८, तिसरा २०२९. माझ्याकडं चुलत्याचा जुना पीएस ४ आहे. नक्की कधी येणार आणि तोपर्यंत मी काय करू?
— बारावीचा एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

आधी बारावीचं बघ, हे मी तुझ्या आईच्या वतीनं लिहितोय. आता तुझं.

२०२७ हा आकडा कुणाच्या गुप्त फाईलमधून आलाय असं वाटत असेल तर तसं नाही, तो साध्या बेरजेतून आलाय. पीएस ३ नोव्हेंबर २००६, पीएस ४ नोव्हेंबर २०१३, पीएस ५ नोव्हेंबर २०२०. दोनदा बरोब्बर सात-सात वर्षं. मग पुढं सात मिळवले की २०२७ येतंय, हे तू पण पाटीवर करू शकतोस, त्याला चॅनल काढायची गरज नाही. सोनीनं स्वतःच्या तोंडानं काय सांगितलंय ते बघ. ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्क सर्नी, म्हणजे पीएस ४ आणि पीएस ५ ची आतली रचना ज्यांनी ठरवली ते गृहस्थ, चिपा डिझाईन करणाऱ्या एएमडी कंपनीच्या जॅक ह्युन यांच्याबरोबर एका व्हिडिओत बसले आणि 'प्रोजेक्ट अमेथिस्ट' म्हणून जे दोन्ही कंपन्यांचं मिळून चाललंय त्याबद्दल बोलले. रेडियन्स कोअर, न्यूरल अ‍ॅरे, डेटा दाबून लहान करायची नवीन पद्धत, अशा चिपमधल्या तीन नव्या गोष्टी सांगितल्या. पण त्याच व्हिडिओत सर्नी हेही म्हणाले की हे सगळं सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चाचणीत, आहे आणि काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये ते आणायची इच्छा आहे. काही वर्षांनी. तारीख नाही, किंमत नाही, पीएस ६ हे नाव सुद्धा घेतलं नाही.

ओरायन, झेन ६ वगैरे जे आहे ते लीकवाल्यांचं. आता लीक म्हणजे सगळं खोटं असं मी म्हणत नाही, उलट माझं म्हणणं उलटं आहे, की लीक खरं निघालं तरी त्याचा अर्थ आपण लावतो तो चुकतो. दोन उदाहरणं देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टची स्वतःची कागदपत्रं चुकून बाहेर पडली. यूट्यूबवाल्याचा मामा नाही, डायरेक्ट कंपनीची कागदं, यापेक्षा पक्कं लीक काय असणार. त्यात ब्रुकलिन नावाचा गोल डब्यासारखा बिनडिस्कचा एक्सबॉक्स होता, नोव्हेंबर २०२४ ला येणार असं लिहिलेलं. आला का? नाही. बिनडिस्कचा सीरिज एक्स (२०२० चा एक्सबॉक्स) आला, पण त्याच जुन्या चौकोनी खोक्यात, फक्त पांढरा रंग मारून. त्याच कागदांत पुढच्या पिढीचा एक्सबॉक्स २०२८ ला धरलेला आणि सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, एएमडीचा झेन ६ घ्यायचा का एआरएम या दुसऱ्या पद्धतीचा हे ठरायचं होतं. आणि आता २०२६ च्या फेब्रुवारीत एएमडीच्या प्रमुख लिसा सू गुंतवणूकदारांसमोर म्हणाल्या की एक्सबॉक्सची चिप २०२७ च्या लाँचला साजेल अशा वेगानं चाललीय. म्हणजे खुद्द कंपनीच्या कागदावरची तारीख सुद्धा एकीकडं रद्द झाली आणि दुसरीकडं अलीकडं सरकायला लागली.

दुसरं उदाहरण पीएस ५ प्रो चं, पण ते टेराफ्लॉपवाल्या (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं) पोरांच्या भांडणात खाली घेतलंय.

आणि एक गोष्ट तू धरलीच नाहीस. तू जुळे सोलापुरात राहतोस, सॅन फ्रान्सिस्कोत नाही. पीएस ५ तिकडं १२ नोव्हेंबर २०२० ला आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. एक्सबॉक्स वन तिकडं नोव्हेंबर २०१३ ला, आपल्याकडं सप्टेंबर २०१४ ला, म्हणजे दहा महिने. २०२० चा एक्सबॉक्स मात्र त्याच दिवशी आला, त्यामुळं नेहमीच उशीर होतो असंही नाही. आणि पीएस ५ प्रो नोव्हेंबर २०२४ ला आला तेव्हा भारताला चक्क वगळलं, चिपमुळं नाही बरं का, आतल्या वाय-फाय ७ चा एक बँड तेव्हा आपल्याकडं वापरायला परवानगी नव्हती म्हणून. जगातली सगळी लीक पाठ असणाऱ्या कुणालाही हे आधी सांगता आलं नव्हतं.

माझं स्वतःचं सांगतो. १२ जानेवारी २०२१, दुपारी बाराला पीएस ५ ची प्रीऑर्डर उघडणार होती. कोरोनामुळं त्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेची मजा नव्हतीच, म्हटलं निदान हे तरी. पावणेबारापासून लॅपटॉप उघडून कार्ड नंबर पाठ करून बसलो, आणि बाराला पाच कमी असताना खालनं आईची हाक आली, "नळाला पाणी आलंय, मोटर लाव!" सोलापूरच्या माणसाला सांगायला नको की चार-पाच दिवसांनी आलेलं पाणी सोडून कुणी लॅपटॉपवर बसू शकत नाही. पाईप टाकीत सोडून, मोटर लावून, ओल्या पायानं वर आलो तेव्हा बारा वाजून सहा मिनिटं झाली होती आणि सगळीकडं 'संपलं' लिहून आलेलं. पुढं मला तो मिळायला पावसाळा उजाडला.

तर तोपर्यंत पीएस ४ वर खेळ, जुन्या डिस्क स्वस्तात मिळतात. तारीख कशावर ठरते ते पुढच्या उत्तरात वाच, अशोक चौकातल्या काकांनी बरोबर नस पकडलीय.

प्रश्न : माझा यंत्रमागाचा कारखाना आहे, गेममधलं काही कळत नाही. पण मुलगा दिवसभर 'चिप तयार झाली, चिप तयार झाली' करतो. आमच्याकडं डिझाईन तयार झालं म्हणजे चादर तयार झाली असं होत नाही. यांच्यात होतं का? आणि दोन्ही कंपन्या एकाच माणसाकडनं चिप का करून घेतात?
— एक कारखानदार, अशोक चौक परिसर

काका, तुमचं हे एक वाक्य त्या सगळ्या यूट्यूबवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. नाही होत. आणि तुमच्याच मागावर समजावून सांगतो कारण मला स्वतःला हे तसंच कळलं. आमच्या आजोबांच्या कारखान्यात जकार्डवर चादर निघायची, मागाच्या वर ती पुठ्ठ्याची पंच केलेली कार्डं माळेसारखी ओवलेली असायची, भोक असेल तिथं हुक वर, भोक नसेल तिथं खाली, एका कार्डावर एक आडवा धागा. लहानपणी मी त्या भोकातनं बोट घालून बघायचो आणि ओरडा खायचो. ती आयडिया जोसेफ जकार्डनं फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास काढली आणि पुढं चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं तीच कार्डं आपल्या गणिताच्या यंत्रासाठी घेतली, म्हणजे आज पोरगं ज्या कॉम्प्युटरसाठी डोकं खातंय त्याचा आजा तुमच्या कारखान्यात खडखड करत होता, हे त्याला जरूर सांगा.

आता बघा. कार्ड पंच झाली म्हणजे डिझाईन बंद. नंतर मोराचा पिसारा जरा मोठा पाहिजे होता म्हटलं तर सगळी माळ परत करायला लागते. चिपचं तसंच आहे, डिझाईन पक्कं करून कारखान्याला पाठवायचं त्याला टेप-आऊट म्हणतात, ते बाजारात यायच्या वर्ष-दीड वर्ष आधी करावं लागतं, आणि त्यानंतरसुद्धा पहिला नमुना परत येतो, तपासतात, चुका निघतात, सुधारतात. कारखाना म्हणजे बहुतेक वेळा तैवानची टीएसएमसी, पीएस ५ आणि सीरिज एक्स दोन्हीच्या चिपा तिथंच ७ नॅनोमीटरवर (आकडा लहान तेवढी वीण बारीक) विणल्या गेल्या. विणल्या गेल्या असंच म्हणतो मी, राहू दे.

मग दागी माल. तुमच्याकडं एखादा धागा तुटला की चादर 'सेकंड'मध्ये जाते आणि कमी भावानं विकता. त्यांच्याकडं तीनशे मिलिमीटरच्या गोल तबकडीवर चिपा छापतात, त्यात कुठं ना कुठं डाग पडतोच. चिप जेवढी मोठी तेवढी त्यात डाग सापडायची शक्यता जास्त. पण सेकंडचा कन्सोल विकता येत नाही ना, प्रत्येक पेटी सारखीच चालली पाहिजे. मग हे हुशार लोक काय करतात, आधीच चार भाग जास्त ठेवतात. पीएस ५ च्या ग्राफिक्समध्ये ४० युनिट कोरलेली आहेत, वापरात ३६. सीरिज एक्समध्ये ५६ कोरलेली, वापरात ५२. पीएस ३ च्या सेल प्रोसेसरमध्ये आठ छोटे कोअर होते, चालू सात. म्हणजे प्रत्येक घरात जो कन्सोल आहे तो एका अर्थानं ठरवून काढलेला सेकंडच आहे, फक्त बिल फर्स्टचं. (हे मी माझ्या मित्राला सांगितलं तर त्याला दोन दिवस झोप नाही, म्हणतो माझी चार युनिट बंद ठेवलीत, चालू करून द्या.)

सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघं एएमडीकडंच का जातात, तर एकाच चिपवर सीपीयू आणि ग्राफिक्स दोन्ही चांगलं बसवून, वर गिऱ्हाईकाच्या मापानं शिवून देणारा असा दुसरा शिंपी फारसा नाही. इंटेल सीपीयूमध्ये तगडी पण ग्राफिक्समध्ये उशिरा आली, एनव्हिडियाचं उलटं, आणि त्यांना आता कन्सोलच्या किरकोळ मार्जिनमध्ये रस राहिलाय कुठं. पूर्वी असं नव्हतं. पीएस ३ साठी सोनी, तोशिबा आणि आयबीएम तिघांनी मिळून सेल नावाचा वेगळाच प्रोसेसर केला, कागदावर भारी, पण त्याच्यावर गेम लिहिताना लोक रडले. त्यातनं शहाणपण आलं आणि २०१३ पासून दोघंही एएमडीकडं गेले ते गेलेच. शिवाय एकदा त्या घरी गेलं की जुने गेम नव्या मशीनवर चालवणं सोपं जातं, घर बदललं की सगळी भांडीकुंडी परत लावायला लागतात.

आता मुद्दा. तुमच्याकडं डिझाईन तयार, माग तयार, ऑर्डर तयार, तरी तुम्ही कधी कधी माग थांबवून बसता. का? सुताचा भाव चढलाय म्हणून. कन्सोलवाल्यांचं सूत म्हणजे मेमरी. पीएस ५ मध्ये दोन-दोन जीबीच्या आठ चिपा, एकूण १६ जीबी, पुढच्यात त्याहून जास्त लागणार हे उघड आहे. आणि ती मेमरी जगात मुख्यतः तिघंच करतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. या तिघांच्या दारात आता एआयवाले पोती घेऊन उभे आहेत. त्यांना जी एचबीएम नावाची मेमरी लागते ती तेवढीच साठवण द्यायला साध्या मेमरीच्या जवळजवळ तिप्पट तबकडी खाते, आणि ते मागाल तो भाव देतात. मग कारखाना कुणाचं सूत आधी कातणार सांगा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे उडाले की मायक्रॉननं आपला क्रुशल हा सामान्य गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. तीस वर्षांचं दुकान, आता आम्ही किरकोळ विकत नाही म्हणून शटर ओढलं.

म्हणून मुलगा परत 'चिप तयार झाली' म्हणाला की त्याला विचारा, सूत काय भावानं पडतंय? माझा अंदाज विचाराल तर चिपमुळं कुणाचीच तारीख अडणार नाही. चिप वेळेत येईल. तारीख अडली तर मेमरीवर अडेल, आणि अडली नाही तर किंमतीत दिसेल.

प्रश्न : मुलाला या वर्षी कन्सोल घेऊन द्यायचं कबूल केलंय. मिस्टर म्हणतात थांब, नवीन आला की जुना निम्म्यात मिळेल, टीव्हीचं तसंच झालं होतं. मुलगा म्हणतो जीटीए ६ हा गेम येतोय तर पीएस ६ वरच खेळणार. कुणाचं ऐकू?
— एक गृहिणी, विजापूर रोड

वहिनी, दोघांचंही नका ऐकू, आणि हे मी धाडसानं लिहितोय कारण तुमचे मिस्टर पण वर्गणीदार आहेत.

मुलाचं आधी. जीटीए ६ ची जाहीर तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे, आधी दोनदा पुढं ढकलून ही दिलीय, आणि तो जाहीर झालाय पीएस ५ आणि एक्सबॉक्स सीरिजसाठी. म्हणजे ज्या मशीनवर तो येणार ते आज दुकानात आहे. पीएस ६ वर खेळायचं म्हणजे लग्न नोव्हेंबरात आणि नवरदेव दोन वर्षांनी.

मिस्टरांचं गणित दहा वर्षांपूर्वीपर्यंत शंभर टक्के खरं होतं. तेव्हा काय व्हायचं, दर दोन-तीन वर्षांनी चिप लहान व्हायची, एका तबकडीवर जास्त बसायच्या, खर्च उतरायचा आणि कंपनी किंमत पाडायची. पीएस ४ अमेरिकेत ३९९ डॉलरला आला आणि पुढं २९९ ला मिळायला लागला. आता चिप लहान करायचा खर्चच एवढा वाढलाय की लहान करून फायदा उरत नाही. पीएस ५ आपल्याकडं ४९,९९० ला आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे जुना झाल्यावर, ५४,९९० झाला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये परत पन्नास डॉलरनं वाढवला. एक्सबॉक्सनं तर त्या एका वर्षात तिथं दोनदा किंमत वाढवली. जुनी वस्तू महाग व्हायला लागलीय हे पचायला जड आहे, मला पण जातंय, आमच्या पिढीला थांबलं की स्वस्त मिळतं असंच शिकवलंय.

तर घ्यायचाच असेल तर एखादा दसरा-दिवाळीचा सेल बघा, चार-पाच हजार सुटतात, आणि घेऊन टाका. नवीन पिढी आली की दुसऱ्या दिवशी हा भंगारात जाईल ही भीती पण नको, पीएस ५ येऊन दोन वर्षं झाल्यावर सुद्धा २०२२ च्या नोव्हेंबरात गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक पीएस ४ वर आला होता. या वेळी तर नवीन मशीन महाग येणार असेल तर जुन्याला आणखी जास्त दिवस सांभाळतील. डिस्कवाला घ्या मात्र, गेम खेळून झाला की नवी पेठेत विकता येतो, डाऊनलोड केलेला नाही विकता येत.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये भांडण लागलंय. पीएस ६ किती टेराफ्लॉप, ३४ का ४०? जो हरेल तो पार्टी देणार.
— चौघं मित्र, सात रस्ता

पार्टी चौघांनी मिळून करा. पीएस ५ प्रो च्या वेळी मार्च २०२४ मध्ये कागद लीक झाले, ३३.५ टेराफ्लॉप. सगळे नाचले, पीएस ५ चे १०.२८, म्हणजे तिप्पट! प्रत्यक्षात मशीन आल्यावर आकडा निघाला १६.७. लीक खोटं होतं का? नाही. नव्या रचनेत एकाच फटक्यात दोन गणितं करता येतात असं धरून तो आकडा दुप्पट लिहिलेला होता, गेममध्ये तसं क्वचितच जमतं. स्वतः सर्नी यांनी नंतर समजावून सांगितलं आणि त्याला 'फ्लॉपफ्लेशन' म्हटलं, फ्लॉपची महागाई. पुढच्या चिपमध्ये चित्र कमी रिझोल्यूशनला काढून एआयनं मोठं करायचं काम वाढणार आहे, ते टेराफ्लॉपच्या या मापात धड मोजताच येत नाही. तुम्ही चौघं धोतराचं माप शर्टाच्या टेपनं घेताय.

प्रश्न : निंटेंडो कंपनीच्या स्विच २ कन्सोलमध्ये पण एएमडी आहे का? आणि सोलापुरात कुठं मिळेल?
— एक वाचक, दयानंद कॉलेज रोड

नाही, एनव्हिडियाची चिप. पहिल्या स्विचमध्ये, २०१७ ला, टेग्रा एक्स १ होती, ५ जून २०२५ ला आलेल्या दुसऱ्यात अँपिअर रचनेची खास चिप आहे, जी ग्राफिक्स कार्डांत २०२० पासून आहे. म्हणजे नवीन मशीन, पाच वर्षं जुनी रचना, आणि तरी धडाधड खपलं. चिप एके चिप करणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा. मिळायचं म्हणाल तर निंटेंडो आपल्याकडं स्वतः विकत नाही, जे दुकानात दिसतं ते बाहेरनं आणलेलं, वॉरंटीला वाली कोण हे पैसे द्यायच्या आधी विचारा.

प्रश्न : एक्सबॉक्स बंद होणार म्हणतात, खरं का? माझ्याकडं साठ-सत्तर गेम आहेत.
— एक वाचक, होटगी रोड

जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एएमडीबरोबर पुढच्या कित्येक वर्षांचा करार जाहीर केला, पुढच्या कन्सोलची चिप त्यात आहे आणि तुमचे आत्ताचे गेम पुढं चालतील असंही सांगितलं. दुकान बंद करणारा माणूस नवीन फर्निचरची ऑर्डर देत नाही. फक्त पुढचा एक्सबॉक्स हा कन्सोल कमी आणि पीसी जास्त असेल असं वारं आहे, आणि पीसी म्हटलं की किंमत पीसीची. त्या साठ-सत्तर गेमचा पासवर्ड कुठं तरी लिहून ठेवा, हे मी अनुभवानं सांगतोय.

प्रश्न : उन्हाळ्यात माझा कन्सोल अर्ध्या तासात विमानासारखा आवाज करतो आणि मग 'फार गरम झालंय' म्हणून बंद पडतो. पुढच्या पिढीच्या चिपा थंड असतील का? तर थांबतो.
— एक वाचक, एमआयडीसीजवळ

हा खरा सोलापूरचा प्रश्न, आणि यावर एकही लीकवाला बोलत नाही कारण त्यांच्याकडं मे महिना नाही.

पीएस ५ च्या पुस्तकात लिहिलंय की पाच ते पस्तीस डिग्रीत वापरा. पस्तीस. आपल्याकडं मार्चमध्येच पंखा पस्तीसची हवा फेकायला लागतो, मे मध्ये बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस आणि पत्र्याच्या खोलीत त्याच्याहून वर. गेम चालू असताना ते मशीन दोनशे वॅटच्या आसपास घेतं आणि त्याची सगळी उष्णताच होते, म्हणजे जुन्या काळचे शंभरचे दोन बल्ब एका डब्यात पेटवून ठेवल्यासारखं. सोनीनं पीएस ५ मध्ये चिप आणि हीटसिंकच्या (उष्णता ओढणारा धातूचा भाग) मध्ये साधी पेस्ट न लावता लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, घातलंय, ते उष्णता झपझप ओढतं, पण ओढून टाकणार कुठं, खोलीतच ना, आणि खोली आधीच भट्टी.

पुढची चिप लहान नॅनोमीटरवर असेल, त्यामुळं तेवढ्याच कामाला कमी वॅट लागतील हे खरं. पीएस ६ चा वॅट पीएस ५ पेक्षा कमी असेल अशी अफवा पण आहे. पण यांची सवय अशी की वाचलेल्या वॅटमध्ये आणखी काम कोंबायचं, त्यामुळं मी त्या भरवशावर थांबणार नाही. आणि तुमचा पत्ता बघून मला वेगळाच संशय येतोय.

दोन वर्षांपूर्वी माझं मशीन असंच बंद पडायला लागलं. एका दुकानात नेलं, त्यानं न उघडताच बोर्ड गेलाय म्हणून अठरा हजार सांगितले. परत आणलं, घरी वॉरंटी संपलेलीच होती, बाजूचं पांढरं झाकण सरकवून काढलं तर पंख्याच्या पात्यांना मऊ पांढरी-गुलाबी गादी धरलेली. धूळ नव्हती ती, कापूस होता. शेजारी टॉवेलचा कारखाना, तिथनं रोज तंतू उडतात, कपड्यावर दिसतात, झाडाच्या पानांवर दिसतात, पण मशीन रोज त्यातलीच हवा आत ओढतंय हे डोक्यात आलं नव्हतं. चिमटीनं धरून ओढलं तर अखंड पट्टी निघाली, वातीसारखी. आईनं ती खरंच समईजवळ ठेवली होती, मी उचलली.

तर आधी प्लग काढा, अर्धा तास गार होऊ द्या, मग बाजूचं झाकण. पहिल्या पीएस ५ मध्ये धूळ साठायला दोन भोकं मुद्दाम दिलीत, तिथं व्हॅक्यूमचं तोंड लावलं की झालं. हीटसिंकची पट्टी आणि त्याखालचं काही उघडू नका, ते लिक्विड मेटल बोर्डावर सांडलं तर मग खरोखरच बोर्ड जाईल. गॅरेजमधला कॉम्प्रेसर मारणार असाल तर लांबनं मारा आणि पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते उलटं भिंगरीसारखं फिरून बेअरिंग खराब होतं. कापूस असेल तर आधी चिमट्यानं काढा, नुसता वारा मारला की तो आतच सरकून बसतो.